तबकडीची मर्यादा आणि मालिकेचा विस्तार
(प्रस्तावना)

१

दूरचित्रवाणीवर एकदा दाखविलेला कार्यक्रम पुनः पाहावयास मिळेल की नाही हे ज्या काळी सर्वस्वी प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असे, त्या काळी ज्या गृहस्थांनी आणि गृहिणींनी व्हीसीआरच्या लाल बटणावर बोट ठेवून आपल्या आवडीच्या मालिका कॅसेटींवर उतरवून घेतल्या, त्यांच्या हातून, आपण काही ऐतिहासिक कार्य करीत आहोत अशी जाणीव नसतानाही, एक दफ्तर निर्माण झाले. ह्या दफ्तराचे मोल समजण्यास विलायतेचे एक उदाहरण पुरेसे आहे. बी.बी.सी.ने साठीच्या दशकात ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका दाखविली. परंतु चित्रफिती महाग होत्या आणि हे जुने कार्यक्रम पुढे कोणी मागेल अशी कोणास कल्पना नव्हती, म्हणून कालांतराने त्या फिती पुसून टाकण्यात आल्या. त्या मालिकेचे नव्वदाहून अधिक भाग चित्ररूपाने नाहीसे झाले. मात्र त्या सर्व भागांचा आवाज आजही शिल्लक आहे, आणि तो संस्थेच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर संचासमोर ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून बसलेल्या सामान्य प्रेक्षकांच्या हौसेमुळे.

आम्हा हैदराबादच्या मराठी मंडळींना ही हौस बाळगण्यास आणखी एक कारण होते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, ईसामिया बाजार ह्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेली मराठी घरे जेथल्या तेथे राहून परप्रांतस्थ झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले; त्यावर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांचे ‘चिमणराव’ गाजले, ऐंशीच्या दशकात रवींद्र मंकणी व मृणाल देव यांची ‘स्वामी’ आली, त्यामागून ‘गोट्या’ आला; पण मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी काही मुशी नदीच्या काठापर्यंत पोहोचत नव्हत्या, आणि १९७७ साली सुरू झालेले हैदराबाद केंद्र स्वाभाविकपणेच तेलुगूला वाहिलेले होते. मराठी मालिका आमच्याकडे येई ती दिवाळीच्या फराळाच्या डब्यासोबत, पुण्या-मुंबईच्या आप्तांनी भरून दिलेल्या तीन तासांच्या कॅसेटीवर, मनमाडकडून येऊन काचीगुड्यास थांबणाऱ्या गाडीने. अशी एक कॅसेट चार घरे फिरून परत येई तेव्हा तिच्या कागदी वेष्टनावर निरनिराळ्या हस्ताक्षरांत भागांची नावे, तारखा आणि ‘ह्यावर पुसू नये’ अशी ताकीद लिहिलेली असे.

नंतर काळ पालटला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही उपग्रह वाहिनी सुरू झाली, तिच्यावर ‘आभाळमाया’, ‘प्रपंच’ आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ह्या मालिका दिसू लागल्या. आणि ९ जुलै २००० रोजी तर ई टीव्ही मराठीचा जन्म आमच्याच शहराच्या वेशीबाहेर, रामोजी फिल्म सिटीत झाला. महाराष्ट्रातील कितीतरी तरुण वार्ताहर आणि तंत्रज्ञ ह्या निमित्ताने हैदराबादेस नोकरीस आले, आणि ज्या शहराला मराठी चित्र उसने आणावे लागत होते त्याच शहरातून मराठी बातम्या कोल्हापूर-नागपुरास जाऊ लागल्या. रेकॉर्डिंगचा हव्यास ह्या सुबत्तेने कमी झाला नाही, उलट वाढला. आणि त्याचा परिणाम म्हणून आज अनेक घरांच्या पोटमाळ्यांवर, लोखंडी कपाटांत आणि पलंगाखालच्या ट्रंकांत कॅसेटींचा जो साठा पडून आहे, त्याचा बंदोबस्त काय करावा हा प्रश्न उभा राहिला आहे.

प्रश्न निकडीचा आहे. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे झिजते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. आणि ती वाचणारे यंत्र तर बाजारातून उठूनच गेले, कारण व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या प्रमुख कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हा ज्यांच्याजवळ चालू स्थितीतील यंत्र आहे त्यांनी ते चालू आहे तोवरच कॅसेटी डीव्हीडीच्या तबकड्यांवर उतरविण्याचे काम उरकून घेणे शहाणपणाचे. एका तरुण स्नेह्याने ह्या कामाची रीत सांगणारी जी पुस्तिका सिद्ध केली आहे, तिला प्रस्तावना लिहिण्याची कामगिरी त्याने मजकडे सोपविली. आणि बटणे कोणती दाबावी हे त्याने सविस्तर सांगितलेच असल्यामुळे, त्या बटणांमागील तत्त्व काय, एवढेच सांगण्याचे मी येथे योजिले आहे.

२

ते तत्त्व असे की तबकडीची धारणाशक्ती ठरलेली आहे, तीत एका बाजूचे वाढविले की दुसऱ्या बाजूचे घटलेच पाहिजे, आणि म्हणून चित्राच्या गुणवत्तेचा खरा निर्णय तबकडी भरताना होत नसून, तीत काय भरावयाचे नाही हे ठरविताना होतो.

साध्या एकस्तरीय डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट मावतात. (संगणक हीच संख्या आपल्या पद्धतीने ४.३८ गिगाबाइट अशी दाखवितो, त्याने नवशिक्याने गोंधळून जाऊ नये.) अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वगळल्या की सुमारे २२ मिनिटे, म्हणजे १,३२० सेकंद उरतात. एका तबकडीवर चार भाग ठेविले तर दर सेकंदास सुमारे ७.१ मेगाबिट वाट्यास येतात. सहा ठेविले तर ४.७, आठ ठेविले तर ३.६, आणि दहा ठेविले तर अवघे २.८. ह्यातून आवाजाचा आणि तबकडीच्या अंतर्गत व्यवस्थेचा खर्च वजा जाता चित्रासाठी सहा भागांत सुमारे ४.४ आणि दहा भागांत सुमारे २.६ मेगाबिट शिल्लक राहतात. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला सेकंदास ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. पण ती मुभा कमाल मर्यादेची आहे, आणि तिच्या जवळपास सतत राहिलेली तबकडी तासाभरातच संपते. ह्या त्रैराशिकापासून सुटका कोणत्याही सॉफ्टवेअरला नाही. ‘कितीही भाग भरा, दर्जा तोच’ असे सांगणारा विक्रेता एकतर हिशेब जाणत नाही किंवा ग्राहक तो जाणत नाही अशी त्याची खात्री असते.

आता दर सेकंदास मिळालेल्या ह्या बिटांचे यंत्र करते काय, तेही पाहू. आपल्या देशाच्या पाल पद्धतीत सेकंदास २५ फ्रेम असतात, आणि डीव्हीडीवर प्रत्येक फ्रेम ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असते. एमपेग-२ ही संकोचनपद्धती प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे लिहीत बसत नाही. ती एक फ्रेम पूर्ण लिहिते आणि पुढील फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदलले एवढेच नोंदविते, आणि पालमध्ये साधारणतः पंधरा फ्रेमच्या आत पुन्हा एक पूर्ण फ्रेम घेते. म्हणून दिवाणखान्यातील सोफ्यावर बसून दोन पात्रे पंधरा मिनिटे सासूविषयी बोलत आहेत असा प्रसंग यंत्रास अत्यंत स्वस्त पडतो. पण त्याच भागात पावसाची सर आली, पिंपळाची पाने सळसळली, लग्नमंडपात अक्षता उधळल्या गेल्या की क्षणोक्षणी सगळेच बदलते, नोंदीचा खर्च एकदम वाढतो, आणि शिल्लक अपुरी पडली की यंत्र तपशील टाकून देऊ लागते. अशा वेळी नायिकेच्या पैठणीच्या काठावरचे मोर विरघळून आठ-आठ बिंदूंचे चौकोन दिसू लागतात, समईच्या ज्योतीभोवती डाग थरथरतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यातील सावली पायऱ्या-पायऱ्यांनी तुटते. जो दोष पाहून लोक ‘तबकडी खराब निघाली’ असे म्हणतात, तो बहुतेक वेळा तबकडीचा नसून वाटणीचा असतो.

ही वाटणी न्याय्य कशी करावी? सर्व सेकंदांना सारखेच बिट द्यावे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत अन्यायाची रीत. कारण तीत दिवाणखान्याला गरजेपेक्षा जास्त मिळते आणि पावसाला उपाशी राहावे लागते. जुन्या जमाबंदीत जसे आधी पाहणी, मग प्रतवारी आणि शेवटी आकार ठरविला जाई, तसे एन्कोडरलाही, म्हणजे संकोचन करणाऱ्या यंत्रालाही, सर्व चित्रफीत प्रथम एकवार नुसती पाहू द्यावी आणि दुसऱ्या फेरीत, कोणता प्रसंग किती खर्चाचा आहे हे ठाऊक झाल्यावर, लिहू द्यावी. ह्या दोन फेऱ्यांना दुप्पट वेळ लागतो, तो द्यावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सहा भाग एका तबकडीवर जाणार असतील तर सहांनाही समान आकाराच्या सहा पेट्यांत कोंबू नये. सहांचा मिळून एकच जमाखर्च धरावा, म्हणजे ज्या भागात जत्रा आहे त्यास ज्या भागात केवळ कुजबुज आहे त्याच्या शिलकेतून उचल मिळू शकेल.

३

बचतीच्या इतर वाटा पुस्तिकेत यथास्थित दिल्या आहेत. त्यांतील तीन वाटांचे महत्त्व वाचकांच्या मनावर आधीच ठसावे असे मला वाटते.

पहिली आवाजाची. संकोचन न केलेला द्विमार्गी आवाज डीव्हीडीवर सेकंदास १.५ मेगाबिटांहून किंचित जास्त जागा घेतो. २२ मिनिटांच्या एका भागात तो सुमारे २५० मेगाबाइट खातो, आणि सहा भागांत तबकडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ आवाजाच्या खाती जमा होतो. तोच आवाज डॉल्बी डिजिटल पद्धतीने सेकंदास १९२ किलोबिटांत बसविला तर एका भागास अवघे ३२ मेगाबाइट लागतात. आणि कॅसेटीवरून आलेल्या संवादांच्या बाबतीत हा फरक ऐकून ओळखणारा कान मला अजून भेटलेला नाही. येथे कंजूषपणा केला तर तो चित्राच्या कामी येतो.

दुसरी बिंदूंची. व्हीएचएस कॅसेटीचा आडवा तपशील मुळात सुमारे २४० रेषांइतकाच असतो. त्याला ७२० बिंदूंचे अंगरखे चढविल्याने तो वाढत नाही. म्हणून एका तबकडीवर आठ-दहा भाग बसविणे भागच असेल, तर बिट ताणण्यापेक्षा ३५२ गुणिले ५७६ हा डीव्हीडीस मान्य असलेला अर्ध्या रुंदीचा आकार पत्करावा. चित्र किंचित मऊ दिसते, पण चौकोन पडत नाहीत. मात्र उंचीचे ५७६ कधीही कमी करू नये. पालचे चित्र प्रत्येक सेकंदास ५० अर्ध्या फ्रेमांत, म्हणजे फील्डांत, एकाआड एक रेषांनी रंगते. उंची निम्मी करून व्हीसीडीच्या ३५२ गुणिले २८८ ह्या आकारावर आल्यास त्यांतील अर्धी फील्डे नाहीशी होतात, आणि लावणीतील नर्तकीची गिरकी घसरत चालल्यासारखी दिसते. ह्याच कारणास्तव, डीव्हीडीसाठी काम करताना फील्डे एकत्र करून टाकण्याचा जो पर्याय अनेक सॉफ्टवेअरांत आधीच निवडून ठेवलेला असतो, तो प्रथम बंद करावा, आणि कोणते फील्ड आधी येते ह्याची नोंद बरोबर आहे ना याची खातरजमा करावी.

तिसरी वाट स्वच्छतेची. कॅसेटीवरची मुरमुर डोळ्यांस क्षुल्लक वाटते. एन्कोडरला मात्र ती पावसाच्या सरीइतकीच खर्चाची, कारण तीही क्षणोक्षणी बदलते. म्हणून संकोचन करण्यापूर्वी चित्र हलक्या हाताने गाळून घ्यावे. हात जड झाला तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जाऊन आजीबाई मेणाच्या दिसू लागतात, आणि हे संरक्षण नसून विटंबना आहे. चित्राच्या अगदी तळाशी ज्या फाटक्या रेषा दिसतात, त्या काळ्या पट्टीने झाकाव्या. पुष्कळशा जुन्या संचांच्या पडद्यावर तेवढा भाग दिसतही नसे. आणि ह्या सर्वांच्याही आधी, कॅसेट यंत्रात घातल्यावर ती एकवार शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, यंत्राचे हेड स्वच्छ करावे, शक्य तेथे एस-व्हिडिओ तार वापरावी, आणि प्रथम संगणकावर उतरविताना मुळीच काटकसर करू नये. डीव्ही पद्धतीने तासास सुमारे १३ गिगाबाइट लागतात, ते लागू द्यावे. कारण मुळातच जे उतरले नाही ते पुढील कोणत्याही फेरीत परत येत नाही. ज्याने आधीच संकोचित झालेली आठ भागांची तबकडी घेऊन तिला पुन्हा पिळून दहा भाग बसविले, त्याने दुसऱ्याच्या सांडलवंडीवर आपले घर थाटले असे समजावे.

द्विस्तरीय तबकडीवर ८.५ अब्ज बाइट मावतात आणि ब्लू-रेवर २५ अब्ज. सेकंदास एकूण ६ मेगाबिट धरले तरी ब्लू-रेवर २२ मिनिटांचे पंचवीस भाग सुखाने बसतात. तरीही लेखकाने साध्या डीव्हीडीवरच भर दिला आहे तो सकारण. आमच्या वस्तीतील वडीलधाऱ्या मंडळींच्या घरी जो प्लेअर आहे तो ब्लू-रे वाचत नाही, द्विस्तरीय तबकडीवर काही जुने प्लेअर एका स्तरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळतात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप करावयाचा त्यांनाच तो पाहता येऊ नये हे उचित नव्हे. तबकडी लिहिताना तिची अगदी बाहेरची कड मोकळी ठेवावी, कारण वाचनाचे दोष बहुधा तेथेच उद्भवतात. वेग मध्यम ठेवावा. आणि तबकडीवर कागदी चिकटपट्टी न लावता मऊ टोकाच्या पेनने मध्याजवळच्या पारदर्शक कड्यावर लिहावे. कोणे एके काळी अशा कोऱ्या तबकड्यांचा प्रचंड कारखाना आपल्याच देशात मोझर बेअर कंपनी चालवीत असे, आणि २००७ साली तिनेच चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांत व डीव्हीडी ३४ रुपयांत बाजारात आणून व्यवसायाची गणिते उलथून टाकली. आज चांगल्या कोऱ्या तबकड्या कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरात शोधाव्या लागतात.

४

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड मुद्दा. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. सहा-सहाच्या हिशेबाने तिला पाचशे तबकड्या लागतील. दहा-दहाच्या हिशेबाने तीनशे. येथे लोभ मनुष्यास सांगतो की बिट आणखी ताणावे, पंधरा भाग बसवावे, दोनशे तबकड्यांत काम भागवावे. आणि त्यातून जे निष्पन्न होते ते दोनशे तबकड्यांचे असे भांडार, की ज्यातील एकही भाग कोणी आनंदाने पाहू शकत नाही. रोजच्या मालिकेत, कालच्या भागाची उजळणी, तीच शीर्षकगीताची दृश्ये, एकच दचकलेला चेहरा तीन बाजूंनी, असा पुनरुक्तीचा भरणा पुष्कळ असतो. तो सगळा जतन करणे हे कर्तव्य नव्हे. पहिला भाग, कथेला वळण देणारे भाग, एखाद्या ज्येष्ठ नटाचे वा नटीचे संस्मरणीय काम, घरातील कोणी प्रेक्षकांत बसले होते तो भाग, अशी निवड करून शंभर भाग उत्तम दर्जाने ठेवावे, हे तीन हजार भाग धूसर ठेवण्यापेक्षा शतपटीने श्रेयस्कर. जे वगळले त्यांची यादी मात्र ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला निदान काय होते ते तरी कळेल.

हाच न्याय जाहिरातींनाही. त्या वगळल्याने तबकडीचा चौथा हिस्सा मोकळा होतो, म्हणून वगळाव्या हे खरे. परंतु प्रत्येक मालिकेचा निदान एक भाग जाहिरातींसह, वेळ सांगणाऱ्या निवेदिकेसह आणि मध्येच येणाऱ्या ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ह्या पाटीसह जसाच्या तसा ठेवावा अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्या काळच्या मध्यमवर्गाला काय विकत घ्यावेसे वाटत होते ह्याचा तसा पुरावा कथानकात सापडत नाही.

कायद्याविषयी दोन शब्द सांगणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ अन्वये, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी प्रक्षेपणाचे दृश्य किंवा ध्वनिमुद्रण करणे हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. अध्यापन व संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलेल्या मुद्रणासही तीच सवलत आहे. परंतु ह्या सवलतीचा अर्थ तबकड्या करून विकण्याची परवानगी असा कोणी करू नये. घरची वस्तू घरी, हे ह्या पुस्तिकेचे पथ्य आहे, आणि लेखकाने ते प्रत्येक प्रकरणात पाळले आहे.

पुस्तिकेची भाषा सरळ आहे, आकडे तपासून घेतलेले आहेत, आणि जेथे दोन मार्ग संभवतात तेथे दोन्हींचे गुणदोष निःपक्षपातीपणे मांडले आहेत, हा तिचा विशेष. वाचकांना माझी विनंती एवढीच की हे पुस्तक हाती येताच कोऱ्या तबकड्या आणावयास कोणी धावू नये. आधी सगळ्या कॅसेटी खाली काढाव्या, वेष्टनांवरील तारखा जुळवाव्या, घरातील वडीलधाऱ्यांस बसवून कोणता भाग त्यांना पुन्हा पाहावयाचा आहे हे विचारावे, आणि त्यांची उत्तरे एका वहीत लिहून काढावी. तबकडीवर किती भाग बसवावे ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूत्रापेक्षा त्या वहीतूनच अधिक चांगले मिळेल.

बरकतपुरा, हैदराबाद
कार्तिक शुद्ध एकादशी